ज्युलियाचं पान

मोठं होण्याच्या आठवणी लिहायला बसलेली बाई पासष्टीतलं प्रकरण लिहिते, म्हणून कुणाला हसू आलं तर येऊ द्या. कऱ्हाडला सातवीनंतर माझी शाळा सुटली, अठराव्या वर्षी लग्न झालं, मग पुण्यात सासूसासरे, दीर, निखिलचा जन्म, ह्यांचं आजारपण, असं करत करत केस पांढरे झाले. वय वाढत होतं. पण आपल्याला काय वाटतं ते कुणाला सांगायचं असतं, समोरचा ते ऐकून घेतो, हे मला ठाऊकच नव्हतं, कारण कुणी कधी विचारलं नव्हतं. ते कळलं ग्लासगोत. हे गेल्यावर निखिलनं मला इकडे आणलं, आणि इथल्या एका लायब्ररीच्या मागच्या खोलीत माझी राहिलेली शाळा मला परत मिळाली. त्याच शाळेपायी मी आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट केली. ती आज लिहायची आहे. चहा करून घेतलाय, खोलीचं दार ओढून घेतलंय.

तेव्हा आमचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दगडी इमारत, आत गोल फिरत वर जाणारा थंडगार जिना. जिन्यात कुणी पाऊल टाकलं की आवाज थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचा, त्यामुळे दार उघडायच्या आधीच मला कळायचं कोण आलंय ते. निखिल दोन-दोन पायऱ्या चढायचा. अश्विनी हळू यायची, प्रत्येक मजल्यावर थांबत, कारण खांद्यावर पुस्तकांची बॅग. अश्विनी माझी सून. नागपूरची. तिकडे डॉक्टर झालेली, इथल्या हॉस्पिटलात ज्युनियर म्हणून नोकरी करत होती, आणि वर चढायला जी परीक्षा लागते तिच्यात दोनदा नापास झाली होती. पोरगी हुशार, पण ती परीक्षा कागदावरची नव्हे. परीक्षकांसमोर पेशंट तपासायचा, त्याच्याशी बोलायचं. आणि त्यातला एक भाग असा की पेशंटच्या माणसाला वाईट बातमी कशी सांगाल ते प्रत्यक्ष करून दाखवायचं. तिथंच ती दोन्ही वेळा अडखळली होती.

म्हणून रोज संध्याकाळी आमच्याकडे वाईट बातमीचा सराव चालायचा. खोली गरम ठेवणाऱ्या रेडिएटरवर वाळत घातलेले मोजे, गॅसवर पिठलं रटरटतंय, आणि अश्विनी मला खुर्चीत बसवून समोर बसायची. मी मिसेस ब्राऊन. माझा नवरा आत वारलेला.

"मिसेस ब्राऊन, तुमच्यासोबत कुणी आहे का?"

"नाही डॉक्टर. माझा नवरा जेवला का?"

"आई, असं विचारायचं नाही हो. मला हसू येतं."

"मिसेस ब्राऊनला काय माहीत तो मेलाय. ती जेवणाचंच विचारणार."

मग ती घसा साफ करून परत सुरू करायची. या सरावात मीच इतकी पक्की झाले की झोपेतून उठवलं असतं तरी सांगितलं असतं: आधी माणसाला बसवायचं. आपणही बसायचं, डोळे सारख्या उंचीवर. आडवळणं घ्यायची नाहीत, 'ते आता आपल्यात नाहीत' वगैरे म्हणायचं नाही, सरळ शब्द वापरायचा. आणि उशीर करायचा नाही. बातमी ज्याची आहे त्याची असते, आपण ती ठेवून घ्यायची नसते. हे शेवटचं वाक्य अश्विनीनं मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलं होतं. मी रोज त्याच्याखालून दूध काढायचे.

आता माझी शाळा. दिवसभर घरी एकटी, म्हणून मी लायब्ररीत जायला लागले, आधी उबेसाठी आणि मग मुलांच्या कप्प्यातल्या पुस्तकांसाठी. चित्रांवरून शब्द, शब्दांवरून वाक्यं, असं माझं इंग्रजी जुळलं. तिथं दर गुरुवारी दुपारी पेन्शनवाल्यांचा इतिहासाचा वर्ग भरायचा. मोरीन नावाच्या बाई चालवायच्या, पूर्वी शाळेत लॅटिन शिकवायच्या. पहिले काही महिने मी मागच्या खुर्चीत नुसती बसून असायची. मग हिवाळ्यात मोरीननं एक खेळ काढला. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या, प्रत्येक चिठ्ठीवर रोमच्या बादशाही काळातलं एक वर्ष. ज्याला जे वर्ष येईल त्यानं त्या एकाच वर्षात काय काय घडलं ते वर्गाला सांगायचं. मागचं नाही, पुढचं नाही. मी म्हटलं मला नको, तर डबा माझ्यापुढे धरून त्या म्हणाल्या, "इथं बसायचं भाडं आहे हे, काढा." मला इसवी सन चौदा आलं. शेजारच्या जॉर्जला पंधरा. जॉर्ज म्हणजे आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस.

"तुझं नशीब बघ," तो दुसऱ्या आठवड्यात मला म्हणाला. "तुझ्या वर्षात सम्राट मरतो. माझ्या वर्षात नदीला पूर येतो. त्या नदीच्या काठाकाठानं वीस मिनिटं काय बोलू मी?"

आमच्या घरात या चौदा सालाचं खरं कौतुक होतं ते एकाच माणसाला, आणि तो माणूस घरात नव्हता. अश्विनीचे वडील, अप्पा. नागपूरला हायस्कुलात इतिहास शिकवून रिटायर झालेले. बायको लवकर गेलेली, मुलगा प्रशांत आणि सून यांच्याजवळ राहायचे. दर रविवारी सकाळी अश्विनी भारतात स्वस्तात बोलायचं फोनचं कार्ड खरवडून, त्यातला नंबर दाबून त्यांना फोन लावायची. आधी मी दोन वाक्यं बोलून फोन परत द्यायचे. व्याही माणूस, काय बोलणार. पण चौदा साल आलं आणि सगळं बदललं. बापलेकीचं बोलणं पाच मिनिटांत आटपायचं आणि आमचं अर्धा तास चालायचं.

"काय विहीणबाई, कुठवर आला तुमचा ऑगस्टस?"

"मरून राहिलाय, अप्पा," मी त्यांच्या नागपुरी बोलण्याची नक्कल करायची.

"मरू नका देऊ जी इतक्या लवकर. आधी शिरगणती घ्या. त्या वर्षी त्यानं लोकांची मोजणी केली, ते राहून जाईन."

ते रेषा ओढल्यासारखं सांगायचे. म्हातारा सम्राट समुद्रावर फिरायला जातो, पोट बिघडतं, परतीच्या वाटेवर एका गावात मुक्काम पडतो, आणि ज्या खोलीत त्याचा बाप गेला होता त्याच खोलीत तोही जातो. जायच्या आधी आरसा मागवून केस विंचरून घेतो. वारस दूर असतो. मग त्याची बायको, लिव्हिया, काय करते? घराभोवती पहारे बसवते, रस्ते बंद करते, आणि बाहेर सांगत राहते की स्वारींची तब्येत सुधारतेय. अधूनमधून एकेक चांगली बातमी सोडते. नवा गडी येऊन पोचल्यावर मग एकदमच सांगते, जुना गेला आणि नवा बसला. हे सांगताना अप्पा फोनवर हसायचे. "बातमी दाबाची कला आहे विहीणबाई. तुम्ही ते नाट्य करून सांगा. लोक हसतीन."

आणि मग ज्युलिया. ऑगस्टसची एकुलती एक मुलगी. तिच्या वागण्यावर चिडून बापानंच तिला हद्दपार केलेलं, किती वर्षं ती दूर समुद्रकाठी एकटी. त्याच चौदा सालात, बाप गेल्यावर काही महिन्यांत तीही उपासमारीनं गेली. बापानं लिहून ठेवलं होतं की हिला माझ्या शेजारी पुरू नका. मी अप्पांना म्हटलं, "हे घेऊ नको ना? बाकीच्या मोठ्या घडामोडींत ही कुठं." अप्पा म्हणाले, "हेच घ्या. वर्षाची यादी कोणीही करीन. मुलगी तिकडं दूर आणि बाप इकडं, हे तुम्ही सांगा." अश्विनी तेव्हा शेजारी बसून मटार सोलत होती. तिला फोनमधलं ऐकू येत होतं.

माझं भाषण अश्विनीनंच टाइप केलं. मी वहीत मोडक्या इंग्रजीत लिहायची, ती नीट करून कॉम्प्युटरवर घ्यायची, मला चष्म्याशिवाय वाचता येईल इतकी मोठी अक्षरं. सोळा पानं झाली. ज्युलियाला एक अख्खं पान. निळ्या फोल्डरमध्ये घालून तिनं ते जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "आई, आपली दोघींची परीक्षा एकाच दिवशी." तिची गुरुवारी सकाळी एडिनबराला, माझी गुरुवारी दुपारी लायब्ररीत.

त्या आठवड्याच्या आधीच्या शनिवारी अप्पांना दम लागला म्हणून हॉस्पिटलात ठेवलं. प्रशांतनं सांगितलं, काळजीचं नाही, दोन-चार दिवसांत घरी सोडतील. रविवारी ते हॉस्पिटलातून त्याच्या मोबाईलवर बोलले. आवाज बारीक झाला होता, पण अश्विनीला म्हणाले, पेशंटचा हात हातात घेत जा, आणि मला म्हणाले, "गुरुवारी तुमचं झालं की पहिला फोन मला." मी म्हटलं, पहिला तुम्हालाच.

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास घरचा फोन वाजला. अश्विनी अभ्यासाला हॉस्पिटलच्या लायब्ररीत, निखिल ऑफिसात. मी थालीपिठं लावत होते, हाताला पीठ.

"काकू, ताई आहे का?"

"नाही रे प्रशांत. अप्पा कसे आहेत?"

"अप्पा गेले हो काकू. आत्ता तीन तास झाले." मग तो रडायला लागला. तव्यावरचं थालीपीठ करपायला लागलं तरी मी तशीच उभी. मग तो म्हणाला, "ताईला तुम्ही सांगता का? मला नाही जमणार. ती आजच निघाली तर उद्या संध्याकाळपर्यंत पोचते. आम्ही थांबून राहतो तोवर. बर्फाची सोय होऊन जाईन."

माझी नजर टेबलावरच्या निळ्या फोल्डरकडे गेली. का गेली ते पुढे सांगते. तोंडातून मात्र मी म्हटलं, "प्रशांत, तिची परीक्षा परवा आहे. तिसरी खेप. आता गेली तर पुन्हा कधी हिंमत करायची नाही ती. अप्पा असते तर काय म्हणाले असते?"

तो रडत म्हणाला, "परीक्षा दे म्हणाले असते."

"मग तुम्ही थांबू नका. करून घ्या सगळं. मी गुरुवारी सांगते तिला, परीक्षा झाली की. तोवर तिला फोन करू नकोस. तिचा आला तर उचलू नकोस."

बापाचं तोंड मुलीला बघू द्यायचं की नाही, हे मी, त्या घरातली कुणीही नसलेल्या बाईनं, पिठाच्या हातानं दोन मिनिटांत ठरवून टाकलं. मेलेल्या माणसाच्या तोंडी माझं वाक्य घालून. फोन ठेवल्यावर करपलेलं थालीपीठ काढून टाकलं आणि दुसरं लावलं. अश्विनीचं फोनचं कार्ड टेलिफोनशेजारी पडलेलं असायचं, ते उचलून भाजणीच्या डब्यात खुपसलं. निखिललाही काही सांगितलं नाही, त्याच्या चेहऱ्यावर सगळं उमटतं.

संध्याकाळी अश्विनी आली. जिन्यात तीनदा थांबली, मी मोजलं. आल्या आल्या विचारलं, "प्रशांतचा काही फोन?"

"आला होता ना. बरं आहे. पाठीला उशी लावून बसले, थोडी पेज घेतली म्हणाला."

"पेज घेतली?" तिचा चेहरा खुलला. "मी बोलते त्यांच्याशी. कार्ड कुठे गेलं?"

"अगं, तिकडे बारा वाजले असतील. झोपले असतील ते." हे खरं होतं, म्हणजे बारा वाजले होते हे. तोवर तिकडे सगळं आटोपूनही गेलं होतं.

बुधवारी ती स्वतःहून फार काही विचारत नव्हती, तरी मीच सांगितलं, की अप्पांनी तुझी आठवण काढली, म्हणाले पोरीला नीट झोपायला सांगा. कशाला सांगितलं मी ते? कुणी मागितलं नव्हतं. पण एकदा खोटं जमायला लागलं की त्याला नक्षी काढावीशी वाटते, हे मी त्या दोन दिवसांत शिकले. त्या रात्री जेवणात मी गोड शिरा केला. तिच्या घरी चूल पेटली नव्हती आणि मी तिला वरून तूप घालून शिरा वाढला, तिनं मागून घेतला. वर फ्रिजवर तो कागद.

गुरुवारी सकाळी अंधारातच ती निघाली. दारात मी तिच्या उजव्या हातावर दही-साखर घातली. ती पाया पडायला वाकली तेव्हा मी घाईनं तिला उठवलं, म्हटलं, ट्रेन चुकेल.

दुपारी लायब्ररीत पंधरा-सोळा माणसं होती. एरवी नऊ-दहा असायची. जॉर्जनं बायकोलाही आणलं होतं. मी काठापदराची साडी नेसले होते, वर कोट. उभी राहिले आणि फोल्डर उघडलं. अप्पांची आठवण आली आणि मला वाटलं, आता मी रडणार. पण मी वाचायला लागले आणि लोक ऐकायला लागले. काय सांगू, पासष्ट वर्षांत माझं बोलणं ऐकायला कुणी हातातलं काम खाली ठेवलं नव्हतं. शिरगणती झाली, समुद्रावरची सहल झाली, आरसा झाला. लिव्हियाचं पान आलं, तेव्हा मी अप्पांनी सांगितलं होतं तसंच केलं. पहारेकऱ्यासारखी छाती काढली, हात आडवा धरला, आणि आवाज बदलून म्हटलं, आज महाराजांनी थोडी पेज घेतली. पेज हे पुस्तकात नव्हतं. ते तोंडातून आपोआप आलं. लोक खदखदून हसले. आणि मला मजा आली. हे लिहायला मला वीस वर्षं लागली. मला त्या क्षणी मजा आली.

हसण्यात एक आवाज ओळखीचा वाटला म्हणून मी वर पाहिलं. मागच्या दाराशी अश्विनी उभी, शेजारी निखिल. परीक्षा लवकर आटपली म्हणून मला चकित करायला स्टेशनवरून निखिलच्या गाडीतून थेट आले होते. ती हसत होती, दोन्ही अंगठे वर करून. मी पान उलटलं. पुढचं पान ज्युलियाचं होतं. पहिलीच ओळ, त्याला एकच मुलगी होती आणि ती दूर होती. मी ती ओळ पाहिली, आणि दोन पानं एकदम उलटून ऱ्हाइन नदीवरच्या सैन्याच्या बंडावर गेले.

टाळ्या झाल्या. मोरीननं गालाचा मुका घेतला. जॉर्ज म्हणाला, "पुढच्या आठवड्यात माझ्या पुराला कोण येणार आता?" मी केक खाल्ला. खरंच, खाल्ला. बाहेर पायऱ्यांवर आलो, निखिल गाडी आणायला गेला आणि अश्विनीनं मला मिठी मारली.

"काय मस्त बोललात आई. आणि माझंपण छान झालं. वाईट बातमीचं तर एकदम सरळ जमलं. मिसेस ब्राऊनला मनात आणलं आणि बोलले."

"बरं झालं बाई."

"पण ज्युलियाचं पान राहिलं."

"वेळ संपत आली होती."

"कुठे संपत होती? मोरीननं घड्याळसुद्धा बघितलं नाही. अप्पांना तेच पान हवं होतं, ते विचारतील आता. द्या बरं, कार्ड तुमच्याकडे आहे का? दोन दिवस शोधतेय."

सकाळी निघताना मी कार्ड डब्यातून काढून पर्समध्ये टाकलं होतं, मनाशी ठरवून, की आज सांगायचंच आहे. पर्स उघडली, कार्ड दिलं. त्याला भाजणी लागली होती. अश्विनीनं बोटानं ती पुसली, बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. डॉक्टर बाई ती.

"आई. अप्पा कसे आहेत?"

सगळं पाठ होतं मला. बसवायचं, बसायचं, सरळ शब्द. मी पायऱ्यांवर उभ्या उभ्या म्हटलं, "त्यांना आता काही त्रास नाही बाळा."

"नीट सांगा."

"गेले ते."

"कधी?"

"मंगळवारी."

रस्त्यावरून एक बस गेली. "मंगळवारी तर पेज घेतली म्हणालात," ती म्हणाली. "काल आठवण काढली म्हणालात." मग तिनं उजव्या हाताचा तळवा उघडला आणि त्याच्याकडे बघत राहिली, सकाळची दही-साखर अजून तिथं असावी तशी. ओरडली नाही, रडलीही नाही. फक्त म्हणाली, "आत तुम्ही ते वाचत होता, पेजेचं. मी हसले, आई. सगळ्यांबरोबर मीपण हसले."

त्याच संध्याकाळी दोघं निघाले. निखिल बॅग भरताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू इथंच राहा." मी तेरा दिवस त्या घरात एकटी होते. जिन्यात पाऊल वाजलं की दाराशी जायची. मोरीननं फोन करून विचारलं, पुढचं वर्ष काढणार का डब्यातून. मी नाही म्हटलं. त्या वर्गात पुन्हा गेले नाही. अप्पांना करायचा गुरुवारचा फोन राहिला तो राहिलाच.

ते परत आले तोवर निकाल लागला होता. अश्विनी पास. मग नागपूरहून, पुण्याहून फोन सुरू झाले. सगळे माझं कौतुक करत होते. अश्विनीची आत्या म्हणाली, विहीणबाईंनी मन घट्ट केलं म्हणून पोरगी आज उभी आहे. प्रशांतसुद्धा म्हणाला, काकू, तुम्ही म्हणून निभावलं. मी प्रत्येकाचं ऐकून घेतलं आणि 'त्यात काय एवढं' म्हटलं. अश्विनीनं एकदाच विचारलं. रेडिएटरवरचे कपडे काढून घड्या घालत होतो, ती एका टोकाला, मी एका टोकाला, मध्ये चादर.

"आई, ते माझ्या परीक्षेसाठीच केलंत ना?"

"हो गं. दुसरं काय असणार?"

तिनं मान हलवली आणि चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. त्यानंतर आजतागायत तिनं तो विषय काढलेला नाही. मला एका शब्दानं टोचलं नाही, आदर कमी केला नाही. फ्रिजवरचा कागद मात्र तिनं काढला नाही. आम्ही घर बदललं, फ्रिज बदलला, कागद नव्या फ्रिजवर आला.

तीन वर्षांपूर्वी माझी धाकटी बहीण मालू कऱ्हाडला गेली. भाच्यानं अश्विनीच्या मोबाईलवर कळवलं, ती तेव्हा हॉस्पिटलात होती, आता मोठी डॉक्टर, हाताखाली कितीक माणसं. ती भर दुपारी घरी आली, गळ्यात अजून हॉस्पिटलच्या ओळखपत्राची पट्टी. म्हणाली, आई, बसा. समोर स्टूल ओढून स्वतः बसली. डोळे सारख्या उंचीवर. म्हणाली, "मालूमावशी वारली. चाळीस मिनिटं झाली. मला कळलं आणि मी निघाले." माझा हात हातात घेतला, आणि दुसऱ्या हातात गाडीच्या किल्ल्या होत्या त्या तशाच ठेवल्या. संध्याकाळच्या विमानात आम्ही दोघी होतो. मालूचं तोंड मला बघायला मिळालं.

आता ते राहिलेलं. मंगळवारी फोनवर प्रशांत बोलत होता तेव्हा माझ्या मनात तिची परीक्षा नव्हती. माझं भाषण होतं. ती निघाली असती तर निखिल निघाला असता, मलाही जावं लागलं असतं, आणि नसते गेले तरी घरात सुतक असताना कोण बाई साडी नेसून भाषण करायला जाते. सोळा पानं तशीच राहिली असती. परीक्षा मला नंतर सुचली, अर्ध्या क्षणानं, आणि इतकी सोयीची सुचली की पुढे मलाच ती खरी वाटायला लागली. अप्पांनी मला जे दिलं होतं, माझं कुणीतरी ऐकेल हा विश्वास, त्याच्यासाठी मी त्यांच्या मुलीला त्यांचं शेवटचं दर्शन होऊ दिलं नाही.

हे सगळं मी वहीत हातानं लिहिते. टाइप अजून अश्विनीच करते, रविवारी सकाळी, चहा घेऊन. कालपर्यंतची प्रकरणं तिनं केली, कऱ्हाडची शाळा, लग्न, पुण्याची सासू. वाचताना हसते, मध्येच म्हणते, आई, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत. आज शनिवार. उद्या वही तिच्या हातात जाईल. या वेळी मी प्रत्येक पानावर आकडा घातला आहे, आणि पानं टाचून ठेवली आहेत.